जुना वेश, पण कोणत्या काळाचा?

फाल्गुनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सारा महाराष्ट्र धुळवडीत रंगलेला असतो, तेव्हा नांदेडच्या रस्त्यांवर निळ्या रंगाचा पूर लोटलेला दिसतो. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथून निघणाऱ्या होला महल्ल्याच्या मिरवणुकीत दूरदूरहून आलेले निहंग शीख चालत असतात. अंगात निळा चोळा, कमरेला घट्ट आवळलेला कमरकस्सा, मस्तकावर उंच दुमाला, त्यावर पोलादी चक्रे, हातांत तलवारी आणि भाले. अठराव्या शतकातील एखादे पथक वाट चुकून आपल्या काळात आले असावे, असा भास प्रथम पाहणाऱ्याला होतो.

ऐतिहासिक वेश परिधान करून सहभागी होण्याचे सोहळे मराठवाड्यात आता पुष्कळ झाले आहेत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने या निमित्ताने जुना पोशाख बाहेर निघतो, किंवा बहुतेक वेळा भाड्याने आणला जातो. अशा प्रसंगी आपण नेमके काय घालतो, ते कोणत्या काळाचे असते आणि कोणाचे असते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. हा पोशाख रस्त्यावर हजारो लोक पाहतात. त्यांतली लहान मुले इतिहासाचे पहिले चित्र पुस्तकातून नव्हे, तर याच मिरवणुकीतून मनात साठवतात. म्हणून ही चौकशी वायफळ म्हणता येणार नाही.

वेश की बाणा?

होला महल्ल्याची परंपरा दहावे गुरू गोविंदसिंह यांनी पंजाबातील आनंदपूर साहिब येथे सुरू केली. होळी या स्त्रीलिंगी नावाचे ‘होला’ हे पुल्लिंगी रूप. रंगांच्या खेळाऐवजी युद्धसराव, घोडेस्वारी आणि शस्त्रांचे डाव, असे त्याचे स्वरूप ठरले. गुरू गोविंदसिंह १७०८ साली गोदाकाठी नांदेडला आले. येथेच त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येथेच त्यांचे देहावसान झाले. आजच्या गुरुद्वाऱ्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंह यांच्या आश्रयाने १८३० नंतरच्या दशकात उभी राहिली. त्याच सुमारास निजामाच्या चाकरीसाठी लाहोरहून शीख फौज दख्खनमध्ये आली. तिच्यातील अनेकांचे वंशज दख्खनी शीख म्हणून येथलेच झाले आहेत. घरात दख्खनी, बाजारात मराठी आणि गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी, असा त्यांचा सहज व्यवहार चालतो.

नांदेडमध्ये महल्ला केवळ होळीला निघत नाही, दसऱ्यालाही निघतो. ठरलेल्या चौकात अरदास होते आणि मग ‘हल्लाबोल’चा क्षण येतो. नंग्या तलवारी उंचावून तरुण एकाच वेळी धाव घेतात. हा लुटुपुटीचा हल्ला असला तरी धावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नाटकाचा भाव नसतो. गुरूंच्या घोड्यांच्या वंशातील मानले गेलेले घोडे सजवून मिरवणुकीत आणले जातात. त्यांच्यावर कोणीही स्वार होत नाही.

निहंगांच्या या पेहरावाला शीख परंपरेत ‘बाणा’ म्हणतात. मराठीतही हा शब्द आहे आणि तो आपण स्वभावासाठी, टेकासाठी वापरतो. ‘त्याचा बाणा ताठ आहे’ असे म्हणताना बाणा म्हणजे वेशही होता, हे आपण विसरून गेलो आहोत. निहंगांनी तो अर्थ विसरू दिलेला नाही. निळ्या रंगाविषयी एकाहून अधिक आख्यायिका सांगितल्या जातात. एका आख्यायिकेनुसार गुरूंचे धाकटे पुत्र फतेहसिंह निळा पोशाख आणि उंच पगडी घालून पित्यासमोर आले आणि त्यांना पाहून गुरूंनी हा पंथाचा वेश ठरवला. दुमाल्यातून वर मोकळा सोडलेला कापडाचा पदर म्हणजे फर्ला. तो निशाणाचे प्रतीक मानला जातो आणि वाटेल त्याने तो सोडायचा नसतो. डोक्यावरची चक्रे एके काळी फेकून मारण्याची शस्त्रे होती. गुंडाळलेल्या जाड कापडाचे अनेक थर तलवारीचा वार झेलण्यास उपयोगी पडत. पेहरावातील प्रत्येक वस्तूला काही काम होते आणि ती वापरणाऱ्याला ते ठाऊक आहे. हा पोशाख मिरवणुकीपुरता चढवून संध्याकाळी उतरवला जात नाही. बाणा धारण करणारा निहंग एरवीही त्याच वेशात वावरतो, जेवतो आणि घोड्यांची निगा राखतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे नांदेडच्या महल्ल्याला जाणाऱ्या पाहुण्याने काय घालावे, याचे उत्तर आपोआप मिळते. निहंगाचा वेश हौसेने घालू नये. डोके झाकलेले असावे आणि त्यासाठी स्वच्छ रुमाल किंवा साधा फेटा पुरेसा आहे. गुरुद्वाऱ्यात पादत्राणे बाहेर ठेवावीत, पाय धुवावेत, तंबाखू-सिगारेट जवळ बाळगू नये. एरवी आपला रोजचा कपडा चालतो. हा इशारा अतिरेकी वाटत असेल त्यांनी २००७ सालची घटना आठवावी. एका डेराप्रमुखाने गुरू गोविंदसिंहांसारखा पेहराव केल्याचा आरोप झाला आणि त्यावरून पंजाबात मोठा हिंसक उद्रेक उसळला.

शिवकाळाचा पोशाख

शिवजयंतीची गोष्ट निराळी आहे. तेथे शिवकालीन वेश घालणे हा सोहळ्याचाच भाग आहे आणि त्याला कोणाची हरकत नाही. हरकत घ्यावी ती पोशाखाच्या कारागिरीला! भाड्याच्या दुकानात जो ‘मावळा’ मिळतो, त्याच्या अंगावर चमकदार साटीनचा अंगरखा असतो, त्याला पाठीमागे चेन असते, कमरेला प्लास्टिकच्या मण्यांचा पट्टा आणि डोक्यावर पुठ्ठ्यावर चिकटवलेला फेटा. हा वेश सतराव्या शतकातून आलेला नाही. तो रंगभूमीवरून आणि चित्रपटांतून आला, पुढे दूरचित्रवाणीच्या मालिकांनी त्याला आणखी झळाळी दिली.

शिवकाळात लोक काय घालत, हे पाहण्याची साधने आपल्याजवळ आहेत. महाराजांची त्यांच्या काळातली किंवा त्या काळाच्या अगदी जवळची काही चित्रे युरोपातील संग्रहांत सुरक्षित आहेत. इटालियन प्रवासी मनुची याच्यासाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने काढलेले अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गोवळकोंडा शैलीतील एक चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र लोकांसमोर आणले. त्याआधी दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. चित्राची अशी गफलत होऊ शकते, तर पोशाखाची का होणार नाही?

या चित्रांतून जो पोशाख दिसतो तो दख्खनी दरबारांत रुळलेला आहे. वर छातीशी घट्ट आणि खाली घेरदार असा जामा, पायांत तंग विजार, कमरेला नक्षीदार पटका, त्यात खोचलेली कट्यार आणि डोक्यावर बसकी, घट्ट बांधलेली पगडी व तीत तुरा. जाम्याला गुंड्या नसत. तो एका बगलेखाली बंदांनी बांधला जाई. हिंदूंनी डाव्या बाजूला आणि मुसलमानांनी उजव्या बाजूला बंद बांधण्याचा संकेत मोगल अमदानीत रूढ होता, त्यामुळे जुनी चित्रे पाहताना अभ्यासक प्रथम बंदांकडे पाहतात. कापड बहुधा तलम सुती असे. उन्हाळ्याच्या मुलखात राज्य करणारी माणसे मखमलीत गुदमरून बसत नसत.

सामान्य मावळ्याचा वेश याहून पुष्कळ साधा. तो मुळात शेतकरी होता. आखूड चोळणा, अंगात बंडी, डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, पायांत वहाणा, एवढ्यात तो उभा राहतो. म्हणजे आजोबांच्या पेटीतले धोतर-बंडी आणि गावाकडची घोंगडी घेऊन निघालेला तरुण, भाड्याच्या साटीनमधल्या तरुणापेक्षा मावळ्याच्या अधिक जवळ असतो. खर्चही वाचतो, हे सांगायला हवे.

स्त्रियांच्या बाबतीत नऊवारी हाच सर्वसामान्य पर्याय ठरला आहे आणि तो योग्यही आहे. मात्र शिवलेली, नाडी ओढून चढवायची नऊवारी आणि नेसलेली नऊवारी यांत फरक पडतो. नेसलेल्या लुगड्याचा काष्टा घट्ट बसतो, चालताना किंवा लेझीम खेळताना तो सुटत नाही, कारण शेतात आणि घोड्यावर वावरण्यासाठीच ती रीत घडली होती. आपल्या भागात पैठणीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. पैठणी हे श्रीमंतांचे, समारंभाचे वस्त्र. लातूर-नांदेडच्या खेड्यांतील आजींच्या अंगावर असे ते इरकली लुगडे आणि खणाची चोळी. इळकल आणि खणासाठी नावाजलेले गुळेदगुड्ड ही दोन्ही गावे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील. लातूर-उदगीरच्या बाजारपेठेला ती पुण्या-मुंबईपेक्षा दूरची वाटत नसत. गळ्यात सरी किंवा पुतळ्यांची माळ आणि हातांत गोठ-पाटल्या असल्या की वेश पुरा झाला. नाशिक किंवा डोंबिवलीच्या शोभायात्रेतील छायाचित्र समोर ठेवून लातुरात पेहराव ठरवण्याची आवश्यकता नाही. डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली. तिचे अनुकरण सर्वत्र झाले, ते चांगलेच झाले. पण नथ, फेटा आणि काळा चष्मा लावून दुचाकीवर निघालेली तरुणी ही त्या यात्रेची ओळख आहे, इतिहासाची नव्हे. तिने तसा दावाही कधी केलेला नाही.

उदगीरचा प्रश्न

काळाचा घोळ सर्वांत जास्त कोठे होत असेल तर तो लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे. उदगीरच्या किल्ल्याच्या परिसरात ऐतिहासिक वेश करून जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा येथे पराभव केला. तहात दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखी महत्त्वाची ठाणी आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळाला. वर्षभरातच पानिपत झाले, त्यामुळे उदगीरचा विजय त्या सावलीत झाकोळून गेला.

हे १७६० साल आहे. रायगडावरील राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. मधे ८६ वर्षे गेली. आज २०२० नंतरचा माणूस आणि १९४० च्या आसपासचा माणूस एकाच पोशाखात दाखवला तर आपण हसू. मग उदगीरच्या लढाईसाठी शिवकाळातला वेश का चालावा? १७६० पर्यंत मराठा लष्कराचे रूप बदलले होते. घोडदळाबरोबर इब्राहिमखान गारद्याची कवायती पायदळे आणि तोफखाना होता. या पलटणी फ्रेंच पद्धतीने शिकवलेल्या होत्या. सरदारांच्या अंगात अंगरखे आणि खांद्यावर शालजोड्या, डोक्यावर मोठी पागोटी दिसू लागली होती. अशा प्रसंगी ‘पेशवाई’ वेश मागून घ्यावा. तो मिळत नसेल तर साधा पांढरा अंगरखा, चुडीदार, उपरणे आणि पागोटे यांवर भागते.

जपानमधील क्योटो शहरात १८९५ पासून २२ ऑक्टोबरला ‘जिदाई मात्सुरी’ म्हणजे कालखंडांचा उत्सव भरतो. सुमारे दोन हजार माणसे त्यात जुन्या वेशांत चालतात. पण घोळका करून नव्हे. सर्वांत अलीकडचा काळ पुढे आणि त्यामागे क्रमाक्रमाने जुने कालखंड अशी रचना असते, त्यामुळे रस्त्याच्या कडेला उभा असलेला प्रेक्षक एका जागी उभा राहून हजार वर्षे मागे जातो. जर्मनीत लांड्सहूट या गावी १४७५ सालच्या एका राजविवाहाचा देखावा दर चार वर्षांनी होतो. त्यात भाग घेणारे पुरुष कित्येक महिने आधीपासून केस वाढवतात. आपल्याकडे इतका काटेकोरपणा यावा असे नाही. मिरवणुकीतल्या प्रत्येक गटाने निदान आपल्या फलकावर साल लिहावे, एवढे झाले तरी पुष्कळ.

मराठवाड्याला आणखी एक काळ आहे आणि तो आश्चर्यकारकरीत्या विसरला जातो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या लढ्याचा वेश म्हणजे खादी. धोतर किंवा पायजमा, सदरा आणि गांधी टोपी. समोर शेरवानी व रुमी टोपीतले संस्थानी अधिकारी. मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रभातफेरीत मात्र पुष्कळदा मावळेच निघतात! वास्तविक हा वेश जमवणे सर्वांत सोपे आहे आणि त्याचे कापड येथलेच आहे. राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी उदगीर येथे विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज तयार होतात, हे अनेक नांदेडकरांनाही ठाऊक नसते. नांदेड एके काळी तलम मलमलीसाठी नावाजलेले होते. ती मलमल आज नाही, निजामकाळातील उस्मानशाही गिरणीही बंद पडली. खादी आहे, तोवर ती घ्यावी.

कोणाचा वेश?

काळाइतकाच हाही प्रश्न महत्त्वाचा. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. तेथे वाघ्या-मुरळी दिसतात. भंडाऱ्याची पिशवी, दिमडी, हातातील घंटी. त्यांचा वेश स्नेहसंमेलनात फार लोकप्रिय आहे. पोतराजाचाही तसाच. खणांच्या तुकड्यांचा घागरा, हातात कोरडा, पायांत घुंगरू. लोककलेची ओळख म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु मुरळी सोडण्याची प्रथा म्हणजे मुलीला देवाला वाहणे होते. ती कायद्याने बंद झाली आहे. पोतराजपण सोडून देण्यासाठी आंबेडकरी चळवळीतील कित्येक कुटुंबांनी आपल्या हातांनी केस कापले आणि तो घागरा टाकून दिला. ज्या वर्गात त्या घरांतील मुले बसतात, त्याच वर्गासमोर तो वेश गंमत म्हणून घालायला लावणाऱ्या शिक्षकांनी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. तेथे मुलाला सांगायची गोष्ट वेश टाकल्याची आहे.

शस्त्र, ऊन आणि इतर व्यवहार

वेश पुरा करण्यासाठी तलवार हवीच, असा समज आहे. येथे कायदा पाहावा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्रांच्या यादीत येतात. त्याशिवाय सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यांत शस्त्रबंदीचे आदेश निघतात. ‘शोभेची आहे’ हे उत्तर ठाण्यात पुरत नाही. लाकडी किंवा पत्र्याची, टोक गोल केलेली तलवार न्यावी आणि मंडळाने मिरवणुकीच्या परवानगीतच तिचा उल्लेख करून घ्यावा. ‘मग महल्ल्यात तलवारी कशा चालतात?’ असे दरवर्षी कोणी तरी विचारतो. कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच नमूद आहे, आणि महल्ल्याचा बंदोबस्त प्रशासन स्वतंत्रपणे करते.

ऊन हा आपल्याकडचा खरा शत्रू. फेब्रुवारीत निभावते. होळीपासून पुढे पारा चढू लागतो आणि पाडव्याच्या यात्रेत दुपारी अकरानंतर साटीनमधले मूल कासावीस होते. मुलांना कृत्रिम धाग्याचे कापड घालूच नये. चिकटवलेल्या दाढी-मिशांचा डिंक घामाने डोळ्यांत उतरतो. त्यापेक्षा काजळाची मिशी बरी. नवी वहाण मिरवणुकीच्या दिवशी प्रथम घालू नये, आठवडाभर घरात वापरून सैल करावी.

फेटा आदल्या दिवशी बांधून ठेवू नये. सुती कापड पाण्याचा हलका हबका मारून, दोघांनी दोन टोके धरून कर्णरेषेत ओढले की घडी चांगली बसते. आठ-नऊ मीटरचा फेटा बांधायला सरावाच्या हाताला पाच मिनिटे लागतात, नवशिक्याला अर्धा तास. हा सराव घरातील वडीलधाऱ्यांकडून घ्यावा. ते हौसेने शिकवतात, आणि शिकवता शिकवता पूर्वी त्यांच्या गावात कोण कसा फेटा बांधी, तेही सांगतात. सोहळा आटोपला की फेटा उलगडून सावलीत वाळवावा आणि नळीसारखा गुंडाळून ठेवावा. घामाचे डाग राहिले तर पुढच्या वर्षी जर काळी पडलेली आढळते.